भाजलेलं डोकं

मोठे बाबा उन्हानं गेले, आणि त्यांच्याच दहाव्याला आमच्या लोकांनी मला उन्हात उभं केलं. या एका वाक्यात आमच्या घराण्याची सगळी अक्कल मावते. पण ते वाक्य लिहून मी थांबलो तर माझं समाधान व्हायचं नाही. इतकी वर्षं झाली, त्यातली बहुतेक माणसं आता राहिली नाहीत, मी स्वतः त्या वेळच्या मोठ्या बाबांपेक्षा वयानं कितीतरी मोठा झालो, तरी तो आठवडा आठवला की माझं डोकं अजून तापतं.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्याकडे काका-काकू म्हणायची पद्धत नव्हती. ते मोठे बाबा आणि त्यांची बायको ती मोठी आई. आम्ही अमरावतीला राहायचो आणि ते अकोल्याला. मोठे बाबा तिथल्या एका डाळमिलमध्ये फिटर होते. अंगाला कायम तुरीच्या टरफलाचा आणि ग्रीसचा मिळून एक वास. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत मला अकोल्याला पाठवणं हा घरातला न बोलता ठरलेला नियम होता. दोन खोल्या, पुढे टिनाचा मांडव, खिडकीत वाळ्याचे पडदे लावलेला कूलर. त्या कूलरची मोटर घरघर करत सुरू व्हायची, मग थोड्या वेळानं पाणी ओढल्याचा गुडगुड आवाज यायचा, आणि तो आवाज आल्याशिवाय मोठे बाबा जेवायला बसायचे नाहीत. मोठी आई आंब्याचा रस हातानं काढायची, कोय इतकी चोखून पांढरी करायची की गाईनंही तिच्याकडे पाहू नये. बोलायला ती कडक होती. माझं नाव तिनं कधी घेतलं नाही, मी कायम ‘पोट्ट्या’. मी तिला घाबरायचो असं म्हटलं तरी चालेल.

त्या वर्षी माझी बारावीची परीक्षा झाली होती. वैशाखातल्या एका दुपारी मोठे बाबा मिलमधून पायी घरी आले. डोक्याला ना टोपी ना दुपट्टा. ते कधीच काही बांधत नसत. “डोकसं ठनकून राहिलं,” एवढं म्हणून आडवे झाले. अंग तव्यासारखं. मोठ्या आईनं कांदा किसून तळपायाला चोळला, पन्हं करून आणलं, पण त्यांच्या तोंडातून ते बाहेर आलं. दवाखान्यात नेलं आणि दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. मोठी आई रडली नाही. बाया दारातूनच “गेला व माय, गेला” असा सूर लावत यायच्या, तेव्हा ती त्यांच्याकडे नुसती पाहायची आणि म्हणायची, “बसा. उनातून आल्या, पानी प्या.” बायांचा सूर तिथंच अडकायचा. मागे जाऊन त्या एकमेकींत कुजबुजायच्या, की दगड हाये दगड.

घरात माणसं भरली आणि कारभार आतोबांनी हातात घेतला. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांना शास्त्र येत होतं असं सगळे म्हणत. सगळ्यांपेक्षा जास्त ते स्वतः म्हणत. माझे वडील गरीब स्वभावाचे, भावाच्या जाण्यानं पार खचलेले. आतोबा म्हणतील त्याला ते मान हलवत. आतोबांनी ठरवलं की क्रिया मी करायची. पुतण्या म्हणजे मुलासारखाच. याबद्दल माझी तक्रार नव्हती. उलट मला ते हवं होतं. मोठ्या बाबांसाठी आता करण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

दहावा कौंडण्यपूरला. आमच्या घरच्यांचा दहावा पिढ्यान्‌पिढ्या वर्धेच्या घाटावरच व्हायचा. आम्ही पहाटे जीपनं अकोल्याहून निघालो तरी पोहोचेपर्यंत ऊन चांगलं चढलं होतं. नदी आटून पलीकडच्या काठाला चिकटली होती, अलीकडे नुसती वाळू. न्हाव्यानं माझं डोकं भादरलं. कोवळी, कधी ऊन न पाहिलेली कातडी उघडी पडली, तिला पहिला वारा लागला तेव्हा बरंसुद्धा वाटलं. मी आंघोळ करून आलो आणि ओला दुपट्टा डोक्यावर टाकला.

“थे काढ,” आतोबा म्हणाले.

“ऊन लागून राहिलं आतोबा.”

“क्रिया करनाऱ्यानं डोकसं झाकत नसते. शास्त्रात बसत नाई.”

मी वडिलांकडे पाहिलं. ते वाळूकडे पाहत होते. आतोबांनी दुपट्टा माझ्या डोक्यावरून ओढला, नीट घडी घातली आणि आपल्या पिशवीत ठेवला. मग भटजी लवकर येईनात. त्यांच्याकडे आमच्याआधी आणखी लोक होते. ते आले, मंत्र झाले, पिंड मांडले, तर कावळा येईना. कावळे होते, समोरच्या कडूनिंबात दाटीनं बसले होते, चोची उघड्या टाकून. आमच्यात अक्कल नसली तरी त्यांच्यात होती, ते सावली सोडायला तयार नव्हते. एकेक नातेवाईक पुढे येऊन पिंडाला हात जोडून सांगू लागला, “दादा, वयनीले आमी सांभाळू.” “मोठे भाऊ, कशाची चिंता करू नका.” घरी जाऊन कोणी कोणाला सांभाळलं नाही, पण त्या वेळी प्रत्येकाला बोलायचं होतं, आणि प्रत्येक जण बोलून झाला की झाडाखाली जाऊन बसत होता. वाळूत उभा फक्त मी. शेवटी भटजींनीच दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. हे त्यांना आधी का सुचलं नाही, हा प्रश्न मी आजही विचारतो.

परतताना आतोबांच्या डोक्यात आलं की नांदगाव खंडेश्वरच्या पाहुण्यांना तेरवीचं सांगून जाऊ. जीप त्या बाजूला वळवली आणि नांदगाव सोडल्यावर तिचं चाक बसलं. स्टेपनी काढली तर तीही बसलेली. दोन्हीकडे नांगरून टाकलेली काळी वावरं, पाय जाईल एवढ्या भेगा, आणि एक बाभूळ. बाभळीची सावली ती केवढी! तिच्यात वयानुसार माणसं बसली. मी सर्वांत लहान. दुपट्टा मागायला गेलो तर आतोबा पिशवी उशाला घेऊन झोपले होते. जीपचा ड्रायव्हर चाक घेऊन नांदगावला गेला आणि तिथं जेवून आला. मला या गोष्टीचा राग येतो तो यासाठी की यात कोणीही दुष्ट नव्हता. दुष्ट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

घरी पोहोचलो तेव्हा डोकं ताणून बसवलेल्या ढोलकीसारखं झालं होतं. भुवया वर करता येईनात. मोठी आई दारात उभी होती. घाटावर बायका आल्या नव्हत्या, तिनं मला तेव्हाच पाहिलं. ती जवळ आली, माझी हनुवटी धरून डोकं खाली वाकवलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

“याले कोनं उभं केलं उनात?”

आतोबा पाय धुवायला मोरीकडे गेले.

सकाळी फोड आले होते. पापड भाजताना येतात तसे, लहानमोठे, पाण्यानं भरलेले, कपाळाच्या कडेपासून थेट मागं मानेपर्यंत. उशीचा अभ्रा डोक्याला चिकटला होता, तो सोडवताना एक-दोन फुटले आणि पाणी भुवईवरून डोळ्यात उतरलं. आणि मग सुरू झाले उपाय. आत्यानं आधी दही थापलं. दह्यावर माश्या आल्या म्हणून शेजारच्या एका बाईनं ते पुसून टूथपेस्ट लावली. तिच्या भाच्याचा हात भाजल्यावर पेस्टनं आराम पडला होता म्हणे. टूथपेस्ट वाळून कातडी आणखी आवळली. मग कोणीतरी कोरफड आणली. नुसती कोरफड बरी होती, पण ती टूथपेस्टवर लावली. दुपारी एक चुलतभाऊ आला, त्याचं ठाम मत पडलं की उन्हावर कांद्यासारखं औषध नाही. मी नाही म्हणत होतो. माझे वडील म्हणाले, “लावून घे बेटा, चांगल्यासाठीच सांगून राहिले.” कांद्याचा रस फुटलेल्या फोडांवर पडला तेव्हा मी जो ओरडलो तो ऐकून समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. त्यांना वाटलं आणखी कोणी गेलं.

आता मला टक्कलच पडलं आहे, आणि मुलगी दर उन्हाळ्यात डोक्याला लावायचं मलम पाठवते. गेल्या वर्षी मी मोबाइलवरच्या आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर सहज लिहिलं की ऊन फार आहे, डोकं जरा लाल झालं. तासाभरात कांदा आला. पाठोपाठ दही. पिढ्या बदलतात, कांदा बदलत नाही.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट वेगळीच होती. मोठ्या बाबांसाठी म्हणून भेटायला आलेली माणसं आधी माझ्या डोक्याकडे पाहायची. “अरे बाप्पा! हे काय झालं?” मग आतोबा सांगायचे, “जराकसं ऊन लागलं.” मग आलेला माणूस आपल्या ओळखीत कोणाला कसं ऊन लागलं होतं ते सांगायचा, एक उपाय सांगायचा, चहा प्यायचा आणि उठायचा. मोठ्या बाबांचं नाव निघायचंच नाही. मला त्यांच्याबद्दल कोणाशी तरी बोलायचं होतं. मिलच्या यंत्रांना तेल देता देता ते मला आवाजावरून खराब बेअरिंग ओळखायला शिकवायचे, हे कोणाला तरी सांगायचं होतं. पण तोंड उघडलं की समोरचा म्हणायचा, हालू नको, पेस्ट पडंल.

तेरवीच्या आदल्या दिवशी मला ताप भरला. मी थंडीनं कुडकुडत होतो आणि आत्या म्हणत होती की दह्यानं उष्णता उतरून राहिली, तेच बरं लक्षण. मोठी आई आतून आली, माझ्या गळ्याला हात लावून पाहिला आणि चप्पल घालून सरळ बाहेर पडली. नवरा गेलेली बाई तेरवीच्या आत उंबरठा ओलांडून गेली म्हणून घरात खळबळ माजली. ती समोरच्या गल्लीतून सलीमभाईंना घेऊन आली. सलीमभाई मोठ्या बाबांबरोबर त्याच मिलमध्ये होते. खांदा द्यायलाही ते पुढे होते.

“सलीमभाऊ, याले डाक्टरकडे न्या. आत्ताच्या आत्ता.”

“वयनी, मी तं कालच म्हनून राहिलो होतो,” सलीमभाई म्हणाले. “पन तुमच्या घरचे मोठे मानसं...”

“घरचे मोठे गेले,” मोठी आई म्हणाली.

सलीमभाईंच्या लुनावर मागे मी काळी छत्री धरून बसलो. गरम वाऱ्यानं छत्री पहिल्याच चौकात उलटी झाली. मी ती सरळ करायचो, ती पुन्हा उलटायची, आणि सलीमभाई पुढून ओरडायचे, “छोड मत बेटा, पकड के रख!” बाजारातली पोरं हसत होती. रडावं की हसावं ते मला कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

डॉक्टर बाई होत्या, उन्हाळ्यानं थकलेल्या. त्यांनी माझं डोकं पाहिलं, मग नाक जवळ नेऊन वास घेतला. “दही, कांदा,” त्या म्हणाल्या. “डोक्याची कोशिंबीर केली का रे तुमी लोकांनी?” त्यांनी गार पाण्याच्या धारेखाली सगळं हलक्या हातानं धुऊन काढलं. ते पाणी वाहत असताना मला जे सुख झालं ते शब्दांत सांगता येणार नाही. मी तिथंच बेसिनवर वाकून झोपी जाणार होतो. त्यांनी सांगितलं, फोड फोडायचे नाहीत. हे मलम पातळ लावायचं, भरपूर पाणी प्यायचं, सावलीत राहायचं. आणि काही बांधायचं नाही. फडकंसुद्धा नाही. “एक दिवस उशीर केला असता तर भरती करावं लागलं असतं,” हे त्या माझ्याशी नाही, सलीमभाईंशी बोलल्या.

आणि दुसऱ्या दिवशी तेरवी. आमच्याकडे तेरवीला पागोटं बांधतात. गेलेल्याच्या जागी आता हा, असं चार लोकांसमोर ठरतं. पागोटं मामानं आणायचं. मोठ्या आईचे भाऊ, दर्यापूरचे मामा, पांढऱ्या मलमलीचं नवं पागोटं घेऊन आले होते. मांडवात पाटावर मला बसवलं. मी सांगितलं की डॉक्टरांनी काही बांधायचं नाही म्हणून सांगितलं आहे.

“डाक्टरले शास्त्रातलं काय समजते?” आतोबा म्हणाले. “घटकाभराचं तं काम हाये. मर्द गडी व्हय ना तू?”

मामा चाचरत म्हणाले, “फोड हायेत हो त्याच्या डोक्याले. नुसतं हातात देलं तं नाई चालत काय?”

“हातात द्याले ते काय नारळ हाये? पागोटं डोक्यालेच लागते. त्याले जमत नसन तं सांगा, आमचा प्रकाश तयार हाये.”

प्रकाश म्हणजे आतोबांचा थोरला मुलगा. तो खरंच तयार होता. इस्त्रीचा सदरा घालून पुढच्याच रांगेत बसला होता. मोठ्या बाबांना प्रकाश किती वेळा भेटला होता ते मला ठाऊक होतं. इतके दिवस साचलेला वैताग माझ्या तोंडाशी आला. “बांधा!” मी ओरडलो. “बांधा काय बांधायचं ते! आवळून बांधा!” आणि डोकं पुढं केलं. मामांनी कापड उलगडलं. पहिला वेढा कपाळाच्या वर बसला आणि दोन-तीन फोड एकदम फुटले. मलमल ओली झालेली मला जाणवली. डोळ्यांपुढं अंधारी आली. ओरडायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण घशातून काहीतरी निघालंच.

“सोड त्याले.”

मोठी आई आतल्या दारात उभी होती. तिला इतक्या पुरुषांसमोर मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ती मांडवात आली, आपल्या भावाच्या हातातून ते कापड घेतलं आणि माझ्या डोक्यावरचा वेढा इतक्या हळू सोडवला की मला कळलंच नाही कधी सुटला. मग ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली.

“मले बांध.”

आतोबा उठले. “वयनी, हे काय करून राहिल्या तुमी? बाईच्या डोक्याले पागोटं? शास्त्रात...”

“शास्त्रात पोट्टा भाजाचा लिवला होता काय?” मोठी आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “उनानं माहा मानूस नेला. सगळ्याईनं पाह्यलं. तरी त्याच्याच क्रियेले तुमी या लेकराले उनात उभं केलं, अन् सोता सावलीत बसले. आता पुन्हा मले शास्त्र सांगता? त्याईच्या जागी कोन, हेच ठरवाचं हाये ना? मी हावो. बांध रे दादा.”

माझ्या वडिलांनी त्या दहा-बारा दिवसांत स्वतःहून काही ठरवल्याचं मला आठवत नाही. तेव्हा ते म्हणाले, “बांधा मामा.” दोनच शब्द, पण ते आतोबांकडे पाहून बोलले.

मामांनी बांधलं. पागोटं तिच्या कपाळावर जरा तिरपं बसलं, तिनं ते हातानं नीट केलं. रीतीप्रमाणे एकेकानं पुढं यायचं, टिळा लावायचा आणि पाया पडायचं. पहिल्यांदा कोणी हलेना. नवरा गेलेल्या बाईच्या कपाळाला टिळा कसा लावायचा, हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर दिसत होता. मी उठलो. कुंकवाच्या ताटात बुक्का होता, तो बोटावर घेतला आणि तिच्या कपाळाला लावला. मग माझे वडील उठले, मामा उठले, मग मिलमधली माणसं. मांडवाच्या कडेला उभे राहिलेले सलीमभाई हात जोडून लांबूनच वाकले. आतोबा उठले नाहीत. जेवायला मात्र बसले, आणि वरणात मीठ कमी आहे म्हणाले.

पुढं मी कॉलेजला अकोल्यालाच राहिलो, मोठ्या आईकडे. तिच्या घराचे सगळे निर्णय तिनंच घेतले, भाऊबंदांच्या लग्नकार्यात मोठ्या बाबांच्या नावाचा मान तिनंच घेतला, आणि आतोबा शेवटपर्यंत तिच्याकडे पाण्यालाही थांबले नाहीत. माझ्या डोक्याची साल पुढचे काही आठवडे पडत होती. केस आले, पण टाळूवर रुपयाएवढी एक जागा मोकळी राहिली. कोणी विचारलं तर मी सांगायचो, भाजलं होतं. कशानं, म्हटलं की मी विषय बदलायचो, कारण खरं सांगायला एवढा वेळ लागतो.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. पंगती उठल्या, माणसं पांगली, भांड्यांचा आवाज थांबला. मोठ्या आईनं पागोटं उतरवून खुंटीला लावलं आणि मला कूलरसमोर बसवून ती माझ्या मागं बसली. डॉक्टरांनी दिलेलं मलम तिनं करंगळीवर घेतलं. इतक्या हातांनी माझ्या डोक्याला इतकं काही थापलं होतं, पण असं बोट लागलं नव्हतं. “हालू नको,” ती म्हणाली. “हाललास तं साल निंगन.” मी हललो नाही. थोड्या वेळानं मीच म्हटलं, “मोठी आई, मोठे बाबा मले आवाजावरून बेरिंग ओळखाले शिकवत होते.”

तिचं बोट थांबलं.

“मले बी शिकवत होते,” ती म्हणाली. “मी म्हनो, मले काय कराचं हाये त्या बेरिंगचं? तुमी डोक्याले दुपट्टा बांधा पयले. तं म्हनत, उद्यापासून बांधतो. रोज म्हनत, उद्यापासून...” आणि तिथं तिचा आवाज फाटला. दगड म्हणायचे तिला, ती आवाज न करता रडत होती. मला ते दिसत नव्हतं, पण तिचे आसू माझ्या उघड्या डोक्यावर पडत होते. फुटलेल्या फोडांवर खारं पाणी. कांद्यापेक्षा झोंबलं. मी दोन्ही गुडघे घट्ट धरून ठेवले आणि तिचं होईपर्यंत तसाच बसून राहिलो.